धावपट्टीवरची मांदेली

खोटं वाटत असेल तर डहाणूजवळच्या चिखल्याला या आणि जमनामावशीच्या अंगणात घटकाभर बसून बघा. तिखटमीठ लावून सांगायची मला हौस नाही, आणि ही गोष्ट तर सांगतानाच तोंडाला पाणी सुटतं... ओकारीच्या आधी सुटतं ना, तसलं.

२०१६ साल. होळीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ.

गावामागच्या खाडीकाठच्या खाजणालगत मुंबईच्या एका शेठने खासगी धावपट्टी बांधली होती. त्याचं छोटं विमान कधीमधी यायचं. बाकी वेळ ते सिमेंट रिकामं, चटके देणारं, आणि रेती नावाला नाही. मग कोळणी सोडतात होय! राखणदार पांड्याच्या हातावर ताजे बोंबील टेकवायचे आणि मासळी सुकायला पसरायची. विमान यायचं असलं की तो शिट्टी मारी, बाया मासळी गोळा करत. सडकी मात्र तिथेच कडेला भिरकावत.

तिला कोल्हे सोकावले.

त्या संध्याकाळी मावशी मांदेली भरून निघाली, तोच विमान उतरलं. आणि एक कोल्हा तोंडात मासळी धरून मधोमध...

चाक त्याच्यावरून गेलं. विमान तिरकं होऊन चिखलात रुतलं. आतले दोघे वाचले, देवाची कृपा. कोल्ह्याचा मात्र नुसता राडा उरला. केस, आतडी, आणि त्यात अर्धवट चावलेली मासळी. शी!

पांड्याने खाडीचं पाणी ओतून ते लोटलं. विमान काही आता लवकर येणार नव्हतं. होळी आटपल्यावर मावशीने नेमकी त्याच जागी मांदेली पसरली. बायांनी नाकं मुरडली.

"उन्हाला कसला आलाय विटाळ?" ती म्हणाली.

ती मांदेली सुकेना.

आजूबाजूची खडखडीत, त्या डागावरची चिकट. उलटताना बोटांना केस लागत. पाठीमागे कुणीतरी धापा टाकतंय असं वाटे...

वळावं तर रिकामं सिमेंट. कावळासुद्धा नाही.

डहाणूच्या बाजारात गिऱ्हाईक टोपलीवर वाकायचं आणि नाकाला पदर लावून पळायचं. शेवटी मावशीने टोपली घरामागे ठेवली, उद्या फेकू म्हणून.

घरात तिची सून निलम. दिवस गेलेले, पण पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. आधीचं मूल असंच पोटात गेलं होतं. मावशीने देव पाण्यात ठेवले होते. हिच्या पोटात चार घास जाऊ देत, एवढंच मागणं विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला.

पहाटे आवाज आला...

मच... मच... मच.

निलम टोपलीशी उकिडवी बसलेली. मूठ मूठ कच्ची मांदेली तोंडात कोंबत होती. ओठाला केस चिकटलेला. डोळे सुखाने मिटलेले.

"आई, अजून आहे का हो?"

मावशीने टोपली उचलली आणि किनाऱ्यावर सुरूच्या झाडांत खोल पुरली.

तेवढी मांदेली पोटात ठरली, पण दुसऱ्या दिवसापासून निलमच्या उलट्या पुन्हा सुरू झाल्या. डोळे खोल गेले. डॉक्टरांनी मान हलवली. हेही पोर हातचं जातंय, हे मावशीला कळून चुकलं.

मग काय करील बिचारी?

तिने नाक बांधलं आणि खड्डा उकरला. रोज एक वाटी. सून मिटक्या मारत खायची, ही मोरीत जाऊन ओकायची. निलमचे गाल भरले, पोट वाढलं.

आणि खड्ड्यातली मांदेली काही संपेना...

मुलगा झाला. गुटगुटीत, धडधाकट. नाव जतीन. त्या दिवशी मावशी खड्ड्याशी गेली, तर आत नुसती रेती.

गेल्या दिवाळीत, २०१९ साली, मी तिच्याकडे गेलो होतो. पोर आजीच्या गळ्यात पडून पापा मागत होतं. नवसाचा नातू, पण मावशी तोंड फिरवायची. निलम रुसून म्हणाली, आई त्याला कधी जवळच घेत नाहीत. मलाही मावशीचा राग आला. मी त्याला उचलला.

त्याने माझ्या गालाला ओठ टेकवले.

तो वास... कुजक्या मांदेलीचा.

पोर खिदळत आईकडे पळालं. तिने त्याचा मुका घेतला. तिला काहीच कळलं नाही.

मावशी माझ्याकडे बघत होती. तिने मोरीतला साबण आणून माझ्या हातात दिला.