निवेखोलचं पाणी

सकाळी आठला शहरात मारुती मंदिराजवळच्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात एक शिक्षक येऊन बसला आणि चहाला हातही न लावता म्हणाला, "माझ्या चुलत्यांनी विष कालवलेलं नाही. पण सगळा गाव तसंच म्हणतोय."

त्याचं नाव प्रज्ञेश. संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्याही पुढे, डोंगराच्या कुशीतल्या निवेखोलच्या बौद्धवाडीतला. ऑफिस तेजस्वीचं. पूर्वी ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. गेली सहा वर्षं खाजगी तपासाची कामं घेत होती. कोपऱ्यात बसून ऐकणारे महिपतकाका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. तिची गाडी ते चालवत आणि तिच्यासोबत हिंडत. तपासातलं आपल्याला फारसं कळत नाही, हे ते स्वतःच सांगत.

"गेल्या गुरुवारी पहाटे कोंडातले मासे मरून वर आले," प्रज्ञेश सांगू लागला. कोंड म्हणजे नदीतला खोल डोह. "भिकूआबा, म्हणजे माझे चुलते, तिथे मासे धरतात. त्यांच्या बांबूच्या टोपलीत औषधाची बाटली सापडली, आंब्यावर फवारतात त्याची. दुपारी सरपंचांनी नळाचं पाणी बंद केलं. पण शुक्रवारी संध्याकाळपासून लोक आजारी पडायला लागले. एकोणीस जण देवरुखला दवाखान्यात आहेत. जाईबाई म्हणून आमच्या शेजारीण आहेत, त्या अजून शुद्धीवर नाहीत."

"काय होतंय लोकांना?"

"जुलाब, उलट्या, ताप."

"गुरुवारी कुणालाच काही झालं नव्हतं?"

"नाही."

तेजस्वीने ते वहीत लिहून घेतलं. विष घेतल्यावर माणूस दीड दिवस थांबतो की नाही, यावर महिपतकाका जिना उतरेपर्यंत विचार करत राहिले.

निवेखोलला पोचेस्तोवर साडेदहा झाले. सरपंच सखूताई वाटेवरच उभ्या होत्या. त्यांनी आधी झरा दाखवला. जांभ्या दगडाच्या उंच कड्याच्या पायथ्याशी, दगडातूनच पाणी बाहेर येत होतं. त्यावर सिमेंटची टाकी, टाकीला कुलूप. तिथून पाइपाने पाणी खालच्या दोन्ही वाड्यांत जायचं. उरलेलं पाणी टाकीवरून वाहून दहा-बारा पावलं खाली कोंडात पडायचं आणि तिथून नदी पुढे जायची.

"म्हणजे टाकी वर आणि कोंड खाली," तेजस्वी म्हणाली.

"होय ना."

महिपतकाकांनी मान डोलावली. यात विशेष काय, ते त्यांना कळलं नाही.

कोंडाच्या काठाला अजून दुर्गंधी होती. तेजस्वी दगडावर उकिडवी बसून पाण्याकडे बघत राहिली. पाण्यावरून लांब पायांचे किडे सरसर धावत होते. ओल्या दगडावर दोन खेकडे होते. तिची सावली पडताच ते फटीत शिरले.

"गुरुवारी सकाळी पण खेकडे असेच होते?" तिने विचारलं.

उत्तर मागून आलं. "सगळे वर आलेले, बाय. दगडावर नुसती रांग लागलेली." सत्तरीचा, काटकुळा म्हातारा उभा होता. हेच भिकूआबा. "मी ईष कशाला टाकीन? माझी नात तेच पानी पिते. ती बी दवाखान्यात हाय."

"तुमच्यावर आळ कोणी घेतला?"

"घेतला कोनी नाय. बाटली मिळाली, मग लोक आपसूक बोलाय लागले."

ती बाटली पंचायतीच्या कपाटात होती. तेजस्वीने ती उजेडात धरली. कागदी लेबल चारी कडांना घट्ट चिकटलेलं होतं आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेली तारीख स्पष्ट वाचता येत होती.

"ही कोणाला मिळाली?"

"नितेशला. आमचा पाणीवाला," सखूताई म्हणाल्या. "टाकीची किल्ली त्याच्याकडेच असते."

पहिल्यांदा त्यांनी ओमकारला गाठलं. त्याची काजू फोडायची शेड नदीकाठी होती आणि भिकूआबांवर विश्वास असलेल्या थोड्यांचा संशय आता तिच्यावर होता. तो वैतागलेलाच होता. "माझं सांडपाणी कोंडाच्या खाली दोन फर्लांगावर जातं. ते काय उलटं चढून वर जाणार? बाटली म्हणाल तर तसलं औषध घरोघरी आहे. माझ्याकडे आहे, सरपंचांकडे आहे."

महिपतकाकांना त्याचं बोलणं पटलं. मग त्यांना आठवलं, की सकाळी भिकूआबांचंही पटलं होतं.

तिथून गाडी वळणं घेत कड्याच्या वर, सड्यावर गेली. सडा म्हणजे उघडं, सपाट जांभ्याचं माळरान. तिथे रसिका नावाच्या पुण्याच्या बाईंचं होमस्टे होतं, आठ खोल्यांचं. बाई साध्या, मोकळ्या स्वभावाच्या वाटल्या.

"पाण्याजवळ आमचं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "संडासाची टाकी पक्की बांधलेली आहे. भरली की टँकर बोलावते. मागच्या आठवड्यात सोमवारी उपसून घेतली. लग्नाचं वऱ्हाड होतं ना, दोन खेपा झाल्या."

"टँकर ते नेतो कुठे?"

रसिकाबाई थांबल्या. "ते मी कधी विचारलं नाही."

परतताना तेजस्वीने एका बंद चिरेखाणीपाशी गाडी थांबवायला सांगितली. जांभ्याचे चिरे काढून सोडलेला तो खोल चौकोनी खड्डा होता. महिपतकाका काठाशी वाकले. "मॅडम, इथे मोठी गाडी येते. मागे दोन-दोन चाकं. येताना भरलेली, जाताना रिकामी. चाकोऱ्यांची खोली बघा." एवढं मात्र त्यांना कळत होतं.

खाली तळाला काळपट साका वाळला होता आणि त्यातून टोमॅटोची रोपं उगवली होती. आसपास शेत नाही, घर नाही, आणि रोपांना लालबुंद टोमॅटो लागलेले. महिपतकाका उतरले आणि एक तोडून सदऱ्याला पुसू लागले.

"खाऊ नका, काका," तेजस्वी वरून शांतपणे म्हणाली. "आणि हात साबणाने धुवा."

त्यांनी टोमॅटो टाकला. का टाकला, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नितेशचं घर वाडीच्या टोकाला होतं. तिशी ओलांडलेला, अबोल माणूस. "पहाटे पाणी सोडायला गेलो, तर मासे मेलेले," तो म्हणाला. "भिकूआबांची टोपली पाण्यात होती, ती ओढली. बाटली आतच होती, बुडालेली."

त्याची बायको दर्शना पाण्याचे तांबे घेऊन आली. "हे प्या बिनधास्त. देवरुखचं जारचं पाणी आहे. नशीब आमचं. आमच्या घरात कोणाला काही झालं नाही. गेल्या बुधवारपासून हे जारच आणतात. दुपारी टँकर चालवतात ना, येताना घेऊन येतात."

नितेशने अंगणाकडे पाहिलं. तेजस्वीने पाणी संपवलं, तांबा खाली ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही दोघंही पंचायतीत या. मला सगळ्यांशी एकदमच बोलायचं आहे."

तीन वाजता सगळे जमले. महिपतकाका दाराशी बसले. त्यांच्या डोक्यात खेकडे, चाकं आणि टोमॅटो यांचा नुसता काला झाला होता.

"मी आधी भिकूआबांविषयी सांगते," तेजस्वी म्हणाली. "बाटली मिळाली कोंडात. लोक पाणी पितात टाकीतलं. टाकी कोंडाच्या वर आहे. कोंडात काहीही ओतलं तरी ते टाकीत चढत नाही. ओमकारच्या शेडचं पाणी तर आणखी खाली. म्हणजे घाण टाकीत किंवा टाकीच्याही वर शिरली."

सखूताईंनी कपाळावर हात ठेवला. हे इतकं साधं कोणालाच सुचलं नव्हतं.

"दुसरं, ते औषध नव्हतंच. कीटकनाशकाने आधी किडे मरतात, मग खेकडे. तुमच्या कोंडात दोन्ही जिवंत आहेत. मासे गुदमरून मेले. पाण्यात मैला मिसळला की तो कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. किडे वरची हवा घेतात, खेकडे दगडावर चढून तग धरतात, माशांना पाणी सोडता येत नाही. आणि माणसं दीड-दोन दिवसांनी जुलाबाने पडली, हेही मैल्याचंच लक्षण. मी नमुने घेतलेत, प्रयोगशाळा ते पक्कं करील."

"पण टाकीला कुलूप होतं," प्रज्ञेश म्हणाला.

"टाकीत कोणी हातही घातला नाही. वरच्या चिरेखाणीत टोमॅटो उगवलेत. टोमॅटोची बी माणसाच्या पोटात पचत नाही; मैल्याबरोबर बाहेर पडते आणि रुजते. रोपांना फळं धरलीत, म्हणजे तिथे निदान तीन-चार महिन्यांपासून संडासाच्या टाक्या रिकाम्या होताहेत. जांभा वरून टणक दिसतो, पण आत सगळा पोकळ्यांनी भरलेला असतो. सड्यावर ओतलेलं कड्याखाली झऱ्यातून बाहेर येतं. आधी थोडं थोडं ओतलं होतं, ते जिरलं. सोमवारी एकाच दिवसात दोन खेपा पडल्या. बुधवारी ते झऱ्यात उतरलं."

ती नितेशकडे वळली.

"तो टँकर तुम्हीच चालवता. बाटली बुडालेली होती म्हणालात. तिचं लेबल कधी भिजलेलंच नाही. ती कोरडीच आणून दाखवली होती. आणि मासे मेले गुरुवारी, तुमच्या घरात जारचं पाणी आलं बुधवारी."

दर्शना हळूच उठून उभी राहिली. "तुम्हाला बुधवारीच माहीत होतं?"

नितेशचा चेहरा पार उतरला. "सड्यावर उन्हात वाळून जाईल असं वाटलं होतं. शहरातल्या मैला शुद्ध करायच्या प्रकल्पावर न्यायचं तर अख्खा दिवस जातो. बुधवारी टाकीचं झाकण उघडलं आणि वास आला. तेव्हा कळलं."

"मग पाणी बंद का नाही केलंत?"

"बंद केलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं."

महिपतकाकांनी आयुष्यात खूप माणसं वाहून नेली होती. हे वाक्य मात्र त्यांना कुठेच ठेवता येईना. समोरचा माणूस राक्षस दिसत नव्हता. बायकोकडे बघायचं टाळणारा एक घाबरलेला माणूस दिसत होता, आणि त्यामुळे त्यांचा गोंधळ अधिकच वाढला.

भिकूआबा उठून बाहेर निघून गेले. सखूताई पोलिसांना फोन लावत असताना तेजस्वीने विचारलं, "पाणी बिघडल्यावर निवेखोलच्या खाणीत पुन्हा गेला नसाल. मग त्यानंतरच्या खेपा कुठे टाकल्या?"



"पलीकडच्या कुडवळ गावाच्या वरच्या खाणीत," नितेश म्हणाला. "परवा. रविवारी."

"तिथेही दोन दिवस धरले तर आज," ती म्हणाली.

कुडवळला फोन लागेना. महिपतकाका आधीच गाडीत बसले होते. मागे प्रज्ञेश आणि सखूताई, मध्ये नितेश. घाटातल्या त्या वाटेवर त्यांनी इतकी वेगात गाडी कधी हाकली नव्हती. पोचले तेव्हा पाच वाजत होते आणि नळाला पाणी सुटलं होतं. प्रज्ञेश आणि सखूताई नितेशला घेऊन टाकीकडे धावले, तेजस्वी वरच्या वाडीकडे.

खालच्या वाडीत महिपतकाका एकटेच उरले. पहिल्याच नळावर एक म्हातारी हंडा भरत होती. पाणी काचेसारखं नितळ होतं.

"आजी, ते ओतून टाका."

"का रे बाबा? चांगलं तर हाय."

यमुनाबाई तिचं नाव, तिनेच सांगितलं. महिपतकाकांनी आजूबाजूला पाहिलं. समजावून सांगायला दुसरं कोणी नव्हतं. मग त्यांनी डोंगराच्या माथ्याकडे बोट दाखवलं आणि सांगू लागले. वर खाण आहे, खाणीत काय ओतलंय, दगड आतून कसा पोकळ असतो, वास यायच्या आधीच पाणी कसं बिघडतं आणि पलीकडच्या गावात माणसं दवाखान्यात का आहेत. अडखळत, मागेपुढे करत, पण सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांनाही ते कळत गेलं.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने भरलेला हंडा दोन्ही हातांनी कलता केला, पाणी मातीत जाऊ दिलं आणि पदर खोचून शेजारच्या दाराकडे निघाली.

"चला," ती म्हणाली. "असंच त्यांना बी सांगा. माझ्याच्यानं एवढं सांगनं व्हायचं नाय."