कठड्याची सावली

सुमित्रा रोजच्यासारखी कळशी घेऊन वाफ्यावर निघाली, तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. राजपुऱ्याजवळचा उड्डाणपूल दोन वर्षांपूर्वी पाडला आणि खालची लांबट पट्टी मोहल्ल्यातल्या बायकांना वाफ्यांसाठी वाटून दिली. तिनं झेंडू लावला होता. सून हिमानीला दिवस राहिले तर कानबाईला स्वतःच्या हातची एकशे आठ फुलं वाहीन, असा नवस होता. हिमानीला पाचवा लागला, श्रावणातला कानबाईच्या सणाचा रविवार आठ दिवसांवर आला, आणि वाफ्यात नुसता पाला.

शेजारी मालूबाईचा वाफा मात्र पिवळाधमक.

"माझी ने ना वो माय," मालूबाई म्हणाली. "देवीला काय, फूल ते फूल."

"मागून आणलेल्या फुलांनी नवस फिटत नाही."

मालूबाई हसत गेली. तिची फुलं सुमित्राच्या डोळ्यांत खुपत राहिली.

लख्ख ऊन होतं. तरी सुमित्राच्याच वाफ्यावर गार, काळा पट्टा पडलेला. त्यात पाडलेल्या पुलाच्या कठड्याचे गज स्पष्ट दिसत होते. तिनं वर पाहिलं. मोकळं आभाळ. खाली, सावलीतल्या कठड्यावरून कुणीतरी वाकलेलं होतं...

भ्यायला हवं होतं. पण जळफळाटापुढे भीती टिकली नाही. कनवटीची सुपारी तिनं सावलीत ठेवली.

"तिच्यावर जा... पहिलं फूल तुझं."

दुसऱ्या दिवशी पट्टा मालूबाईच्या वाफ्यावर होता. चार दिवसांत तिचा झेंडू काळा पडला, तिनं अंथरूण धरलं. सुमित्राचा वाफा फुलला.

रविवारी तिनं फुलं खुडली. बरोबर एकशे आठ, एकही जास्त नाही. कानबाई मोठी, सावलीतल्याचं फूल उद्या बघू, असं म्हणून तिनं सगळी देवीपुढे वाहिली.

दुपारी हिमानी ओट्यावर डाळ निवडत होती.

"आई, बादल आले का? एकदम ठंडं वाटतंय."

आभाळ निरभ्र होतं. हिमानीच्या मांडीवर गजांची सावली पडली होती, आणि वाकलेल्याचा हात तिच्या पोटापर्यंत पोचला होता.

सुमित्रा देवघरात धावली. देवीची क्षमा मागून एक फूल उचललं, ओट्यावर सावलीत ठेवलं, डोळे मिटून हात जोडले.

डोळे उघडले तर ओट्यावर स्वच्छ ऊन. तिनं सुटकेचा श्वास सोडला.

"आई," हिमानी पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "पोटातलं हलायचं थांबलं... आणि तुमचं फूल इथंच राहिलं..."