जुडीतलं नाव

विल्डाच्या धाकट्या बहिणीला जुळी मुलं झाली, ते साल एकोणीसशे एकोणसाठ. आठवडाभर तिच्या घरी जागरणं करून विल्डा सोमवारी विधानभवनात कामावर आली, ती अर्धी झोपेतच. हातात नावांच्या याद्यांची चळत. संगमरवरी जिन्यावर एक उंच माणूस एक बूट काढून बसला होता. ती त्याच्यावर अडखळली आणि याद्या जिनाभर पसरल्या.

"अहो, हा जिना आहे, चांभाराचं दुकान नाही!"

"बूट मेहुण्याचा आहे, बाई. पाय माझा. दोघांचं पटेना."

तिला हसू आवरेना. तो कागद गोळा करायला वाकला. त्याच्या डाव्या भुवईवर एक निळी रेघ होती. खाणीत जखम झाली की कोळसा कातडीखाली राहतो, त्याची ती खूण. विल्डा तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली...

"यात माझंही नाव असेल. हॉबर्ट क्रम."

"खाण-सुरक्षा मंडळ. एकोणपन्नासावे. तुमच्या पुढे न्हावी-मंडळाचे दोघं, मागे मधमाश्यांचा निरीक्षक."

"म्हणजे दाढीही होईल आणि तोंडही गोड होईल."

सरकारी मंडळांवर नेमायची अशी साठ-सत्तर नावं राज्यपाल सिनेटकडे, म्हणजे वरच्या सभागृहाकडे, मंजुरीला पाठवत. एकेकाला वेळ कोण देणार? सगळ्यांची एक जुडी बांधायची, एकदाच "होय" म्हणायचं आणि जेवायला उठायचं. फक्त मतदानाआधी अध्यक्ष विचारत, "कुणाला एखादं नाव वेगळं काढायचंय?" उमेदवाराच्या भागातल्या सिनेटरने बोट वर केलं की ते नाव गळायचं. कारण विचारायची पद्धत नव्हती. मात्र उमेदवाराने आदल्या दिवशी स्वतःच अर्ज देऊन वेगळं मतदान मागितलं, तर प्रत्येक सिनेटरला उभं राहून होय की नाही ते बोलावं लागे. नाही म्हणणाऱ्याला कारणही सांगावं लागे, भर सभागृहात.

नावं तपासणारी सिनेटची समिती हॉबर्टला दर मंगळवारी बोलवायची आणि दर मंगळवारी पुढचा मंगळवार द्यायची. हॉबर्ट डोंगरातून बसने यायचा. तळघरातल्या उपाहारगृहात दोघं घेवड्याचं सूप आणि मक्याचा पाव खायची.

"आज तरी बोलावतील का मला?"

"नाही बोलावलं तर वाईट वाटेल?"

"वाटायला हवं खरं..." तो पाव मोडत म्हणायचा. "पण मंगळवारची सवय लागलीय."

पाचव्या मंगळवारी बाहेर बारीक पाऊस होता. बस-थांब्यावर त्याने आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "मंडळावर गेलो की इथे शहरात घर मिळेल. दोन खोल्या. एकट्याला जास्तच होतात."

"मग भाडेकरू ठेव."

"तेच विचारतोय. राहशील?"

तिने टोपी डोळ्यांवर ओढली. "राहीन," ती आतूनच म्हणाली.

मतदानाच्या आदल्या दिवशी तो आला, तो अर्ज लिहूनच. सोबत गावचे वीस खाणकामगार, प्रेक्षकांच्या सज्जात बसायला आलेले.

"वेगळं मतदान मागतोय," तो म्हणाला. "तिसऱ्या खाणीत वायू साठतोय, विल्डा. मंडळावर गेल्या गेल्या ती बंद करायचीय मला. नको असेल त्याने तोंडावर सांगावं."

हॉबर्टच्या भागाचा सिनेटर टॉलिव्हर, म्हणजे विल्डाचाच साहेब. त्या खाणीचा मालक त्याचा साडू. पण सकाळीच त्याने विल्डाला हसून विचारलं होतं, "काय पोरी, लग्नाचा केक कधी?" त्या हसण्यावर तिने भरवसा ठेवला होता.

"हॉबर्ट, मी इथे नऊ वर्षं आहे. जुडीत कुणी नावं वाचत नाही. गप्प राहिलास तर मधमाश्यांबरोबर तूही पार होशील. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"आणि ही माणसं?"

"घरी पाठव. गर्दी दिसली की साहेब बिथरतात." मग हळूच, "दोन खोल्यांसाठी तरी... माझ्यासाठी."

त्याने अर्जाची घडी घातली. मग त्याने अर्ज तिच्या हातात दिला. एक म्हातारा खाणकामगार जाताना म्हणाला, "पोरी, तू म्हणतेस तर जातो. पण आम्हाला अंधारात काम करायची सवय आहे, अंधारात मत द्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला एखादं नाव वेगळं काढायचंय?"

टॉलिव्हरने वर्तमानपत्रातून मान वर न काढता बोट उचललं. "एकोणपन्नास."

कुणी काही विचारलं नाही. विल्डाने स्वतःच्या पेन्सिलीने ती ओळ खोडली, कारण ते तिचंच काम होतं. मग सगळे एका सुरात "होय" म्हणाले आणि जेवायला उठले.

हॉबर्ट बाहेर खांबाशी उभा होता.

"मी नोकरी सोडते," ती म्हणाली. "तुझ्या गावी येते. दोन नाही, एका खोलीत राहीन."

"नको."

"रागावलास?"

"रागावलो असतो तर बरं होतं." तो तिच्याकडे बघत नव्हता. "तू माझ्या भल्याचंच बघितलंस, हे मला कळतं. पण काल अर्ज दिला असता, तर टॉलिव्हरला उभं राहून वीस जणांसमोर बोलावं लागलं असतं. कदाचित हरलोच असतो... पण त्याला एका बोटावर सुटू दिलं नसतं. आता तुझ्याशेजारी जेवायला बसलो की रोज मला तेच बोट दिसेल."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"माझंही आहे," तो म्हणाला. "म्हणून तर जातोय."

सोमवारी तो पुन्हा खाणीत उतरला. दुसरं काम त्या गावात नव्हतं. विल्डाने सात पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, चार ओळींचं: खाली खाणीतली हवा अजून खराब आहे, तू तब्येत सांभाळ.

हॉबर्ट क्रम एकोणीसशे साठ सालच्या जानेवारीत, अकरा तारखेला सकाळी, तिसऱ्या खाणीत स्फोट होऊन इतर सहा जणांबरोबर वारला. तो चौतीस वर्षांचा होता.