जुन्या गाडीचे नवे स्विच

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे माझ्या सख्ख्या मामा-मामींच्या बाबतीत घडलंय. सिंगापूरमध्ये, गेल्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी. आणि तेही भरदुपारी.

गुरुप्रसादमामा तिथल्या बंदरात मरीन इंजिनिअर. त्यांनी आणि अंकुरने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, साठच्या दशकातली एक मॉरिस गाडी घेतली होती. दोघांनी मिळून ती पहिल्यासारखी करायची, असं ठरलं होतं.

मग अंकुर जहाजावर नोकरीला लागला. आणि समुद्रातच गेला.

शरीरसुद्धा सापडलं नाही.

मामांनी गाडी एकट्याने पुरी करायला घेतली. क्वीन्सटाउनजवळ भाड्याने घेतलेल्या वर्कशॉपमध्ये त्या दुपारी त्यांनी डॅशबोर्डवरचे तडकलेले स्विच काढले. इंग्लंडहून मागवलेले कोरे स्विच बसवून मागून नट आवळले. वायरी अजून जोडायच्या होत्या. बॅटरी तर खाली फरशीवर होती.

मामा हात पुसायला वळले...

टक्.

हेडलाइटचा स्विच खाली झाला होता.

त्यांनी तो वर केला. पाठ फिरवली...

टक्.

आणि समोरच्या भिंतीवर दिव्यांचा पिवळा उजेड पडला.

मामांच्या तोंडून एवढंच निघालं, "अंकुर..."

टक्.

मामा सीटवर बसले आणि ढसाढसा रडले. हो असेल तर एकदा वाजव, नाही असेल तर दोनदा, असं त्यांनी सांगितलं. मग विचारतच सुटले. गाडी आवडली का? टक्. रंग तोच ठेवू ना? टक्.

त्यांनी योगिनीमामीला फोन केला. ती टॅक्सी करून, होती तशी धावत आली.

मामी दाराशी उभी राहिली. मग तिने विचारलं, "तू अंकुर आहेस?"

मामांनी हे विचारलंच नव्हतं.

थोडा वेळ काहीच नाही...

टक्. टक्.

मामा गारठले. मामी मात्र हलली नाही.

"मग अंकुर कुठे आहे? तुझ्याजवळ?"

टक्.

"बरा आहे ना तो?"

या वेळी फार वेळ लागला...

टक्. टक्.

मामी खाली कोसळली. डॅशबोर्डला धरून ती विनवत राहिली, त्याला सोड, त्याच्याऐवजी मला घे.

भिंतीवरचा उजेड विझला.

त्यानंतर स्विच पुन्हा कधी वाजला नाही. मामांनी गाडीचं काम थांबवलं, पण ते स्विच कुणाला काढू देत नाहीत. दर रविवारी दोघं तिथे जाऊन बसतात. मामी विचारत राहते.

जानेवारीत मीही गेले होते. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं गाडीत बसलो होतो. काही झालं नाही. निघताना मामा गाडीचं दार लावू लागले, तशी मामी हलकेच म्हणाली, "अहो, जपून. त्याला आवाजाचा त्रास होईल."

'त्याला' म्हणजे कोणाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.