बायजाबाईची सुतळी

बस रे रघू. चपला घालू नकोस एवढ्यात. पनवेल काही पळून जात नाही. तुम्हीही बसा पोरांनो, लाइट गेलीय ती काही तासभर यायची नाही. आत तुझी मैनावहिनी तुझ्या आईची कूस बदलतेय. तिचं होईस्तोवर एक सांगतो. ऐकीव नाही हं. ज्याच्यावर बेतलं तो केरू कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर सोळा वर्षं होता. खोटं बोलायचा, नाही असं नाही, पण फक्त रजेच्या अर्जात.

साल दोन हजार अकरा. डिसेंबरची चोवीस तारीख, शनिवार, अमावास्या. आम्ही दोघं सेकंड शिफ्टला होतो. दुपारी केरू रोह्याच्या बाजारातून एक मोठं खोकं घेऊन इथेच, या ओटीवर आला. म्हणाला, "रातीला जाताना नेतो. कमळाकरच्या बापासाठी हवेची गादी हाय."

कमळाकर त्याचा शेजारी. केरूचं गाव तिकडे धरमतरच्या खाडीला लागून, दोन्ही बाजूंना मिठागरं आणि मधून बांधावरचा रस्ता. कमळाकरचा बाप महिपती पाच वर्षं अंथरुणाला खिळलेला. अर्धांगवायू. वाचा गेली होती, अंग गेलं होतं, चालत होता तो एक डावा हात. पाठीला जखमा झालेल्या. डॉक्टरने सांगितलं होतं, हवेची गादी घाला आणि दोन-दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. सांगायला काय जातं! बदलणारा एकटा कमळाकर. लग्न झालेलं नाही, होती ती नोकरी बापापायी सोडलेली.

त्याच्या आधी चार वर्षं हे सगळं बायजाबाई करायची, महिपतीची बायको. मिठागरात गोण्या शिवून हात दगडासारखे झालेली बाई. तिने एक युक्ती काढली होती. गोणी शिवायच्या सुतळीचं एक टोक नवऱ्याच्या डाव्या हाताला आणि दुसरं आपल्या पायाच्या अंगठ्याला. रात्री म्हाताऱ्याला काही लागलं की ओढायचं. पाणी हवं असलं की एकदा, कूस बदलायची असली की दोनदा, आणि जीव घाबरला की ओढतच राहायचं. बाई लगेच उठून बसायची.

तिला धाप लागायची. सगळ्या आळीला दिसत होतं. बायका विचारायच्या, "बायजे, पेणला दाखवून ये गो एकदा." ती म्हणायची, "यांना कुनाच्या भरोशावर टाकू?" मग सगळे म्हणायचे, "काय लागलं तर हाक मार गो." आणि आपापल्या घरी जाऊन झोपायचे. केरूही म्हणायचा. त्याने मला स्वतः सांगितलंय.

एका सकाळी तिचं दार उघडलं नाही. बाई भिंतीला टेकून बसल्या बसल्या गेलेली. आणि महिपती डाव्या हाताने सुतळी ओढत होता... रात्रभर ओढत असणार. मनगट सोललेलं. तिच्या अंगठ्यावरची गाठ बायकांना सुटेना. गोणीची गाठ ती, ओढली की घट्ट होणारी. शेवटी मधूनच कापली आणि अंगठ्यावरचा फास तसाच ठेवून बाईला नेली. तिच्याबरोबर जळाला तो. हे लक्षात ठेव.

तेव्हा कमळाकर कंपनीच्या कामावर गुजरातेत होता. आला तो कायमचाच. त्याने नायलॉनची दोरी आणली, पांढरी. एक टोक बापाच्या हाताला, दुसरं आपल्या अंगठ्याला. आणि लोक त्यालाही तेच म्हणू लागले. काय लागलं तर हाक मार.

असो. त्या रात्री अकराला शिफ्ट सुटली. केरूने इथून खोकं उचललं, दुकानदाराने निळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या मारलेलं, ते गाडीला बांधलं आणि निघाला. नागोठण्याला चहा घेतला. वडखळला ट्रकांची रांग नेहमीची. साडेबाराच्या सुमाराला बांधाच्या रस्त्याला लागला. थंडी मरणाची. चिटपाखरू नाही.

गावात शिरला आणि गाडी बंद पडली. कुठे? बरोबर कमळाकरच्या दारात.

आत दिवा होता. किक मारली, गाडी चालू होईना. आतून कमळाकर खोकला. मग आवाज आला, "कोन हाय?"

केरू गप्प राहिला.

मला सांगताना मान खाली घालून बसला होता तो. म्हणाला, "दाजी, ओ दिली असती तर आत जावं लागलं असतं. गादी फुगवा, म्हाताऱ्याला उचला, जुनी चादर काढा... एक तास गेला असता. आठ तास उभा होतो मी. म्हटलं सकाळी देऊ."

आतून पुन्हा आवाज. "कोन हाय? केरूदादा काय?"

केरूने श्वाससुद्धा धरून ठेवला. गाडी ढकलत दोन घरं पुढे आपल्या अंगणात नेली. खोकं ओटीवर ठेवलं. आत जाऊन कडी लावली. बायको हौसा झोपेतच म्हणाली, "दिलीव का गादी?" हा म्हणाला, "व्हय, दिली." आणि पांघरूण डोक्यावर घेतलं.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मोबाइलमध्ये बघितलं म्हणून वेळ माहीत.

पायाला काहीतरी ओढलं.

त्याला वाटलं, मांजर. पाय झटकला. कुशीवर वळला.

पुन्हा ओढलं. दोनदा. हलकेच. ओळखीचं माणूस उठवतं तसं.

"हौसे, पाय नको गो ओढू."

हौसा पलीकडच्या अंगाला. घोरत होती.

मग... थांबलं. तो डोळे उघडे ठेवून पडून राहिला. बाहेर कुत्रं नाही, वारा नाही. खाडीला ओहोटी होती, पाण्याचाही आवाज नाही. नुसता आपलाच श्वास.

आणि मग ओढायला लागलं. एकदा... दोनदा... तीनदा... थांबेचना. अंगठा दुखायला लागला. पाय अंथरुणातून बाहेर सरकला. आपोआप.

त्याने मोबाइलचा टॉर्च लावला.

अंगठ्यात फास. फासातून सुतळी. सुतळी जमिनीवरून गेलेली. दाराखालच्या फटीतून बाहेर. ताणलेली.

दाराला आतून कडी.

कडी काढली. सुतळी अंगण ओलांडून, आळीतून... कमळाकरच्या दाराकडे.

अनवाणी धावला. दार वाजवलं. "कमळाकर! ए कमळाकर!" काही नाही. आत काहीतरी घासल्यासारखा आवाज. सर्र... सर्र... सर्र. खांदा मारला. दोनदा मारला. कडी निखळली.

दिवा चालू. कमळाकर जमिनीवर पालथा. तोंड निळसर, अंग घामाने थबथबलेलं. खाटेवरून महिपती डाव्या हाताने ती नायलॉनची दोरी ओढत होता. डोळ्यांतून पाणी. प्रत्येक ओढीला कमळाकरचा पाय फरशीवर घासत होता.

पाय हलत होता... कमळाकर हलत नव्हता.

पुढचं केरूला धड आठवत नाही. आरडाओरडा केला, आळी जागी झाली, शिवाचा टेम्पो काढला, पेणला नेलं. हार्ट ॲटॅक. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. डॉक्टर भडकला. दोन महिने छातीत दुखतंय, आणि एकालाही माहीत नाही? अजून अर्धा तास गेला असता तर मी काही करू शकलो नसतो, म्हणाला. कमळाकर शुद्धीवर आला आणि पहिलं काय विचारलं असेल? "बाबांची कूस कुनी बदलली?"

केरू दवाखान्याच्या बाकावर बसून लहान पोरासारखा रडला.

त्यानंतर मात्र गावाने पाळ्या लावल्या. रोज रात्री एका घराने महिपतीकडे जायचं. कोणी हाक मारायची वाट बघायची नाही. म्हातारा आणखी दोन वर्षं जगला, पाठीच्या जखमा भरून आल्या. कमळाकर धडधाकट आहे, वडखळला दुकान टाकलंय, जाताना बघ हवं तर.

सुतळीचं म्हणशील, तर दवाखान्यात हौसाने केरूचा पाय बघितला. फास अंगठ्यातच. त्याला हातभर सुतळी लोंबत होती, बाकीची कुठे गेली देव जाणे. आळीत शोधली, नव्हती. कळल्यावर मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, खोक्याची असेल, अडकली पायात. हौसाने मला खोकं दाखवलं. निळ्या पट्ट्या जशाच्या तशा. आणि हा फास कोणता, हे तिला सांगावं लागलं नाही. बायजाबाईला आंघोळ घालणाऱ्यांत ती होती. तीच गाठ सोडवताना तिची नखं तुटली होती.

शेवटी फास विळीवर कापला. माझ्यासमोर, रविवारी संध्याकाळी. सरळ दोन तुकडे. हौसा घरात ठेवायला तयार नव्हती, टाकायचा धीर कोणाला होईना. म्हणून मी घेऊन आलो. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातले, डबा माळ्यावर. तेरा वर्षं झाली. कोणी हात लावलेला नाही.

आज दुपारी मैना मला विचारत होती, "काका, ही सुतळी माझ्या उशाशी कुनी ठेवली?"

...

ही बघ. घे हातात, चावत नाही. कापल्याची खूण शोध, मी टॉर्च धरतो.

नाही ना?

दुपारपासून मीही शोधतोय. एकच तुकडा आहे, अखंड. गाठ बसलेली. फास रिकामा. माझ्या अंगठ्यात घालून बघितला मी, जात नाही...

रघू, पाय का रे मागे घेतलास?