गाण्यातली उडी

इचलकरंजीच्या बागेत सकाळी बरीच म्हातारी माणसं चालत होती आणि एकाचं पाऊल दुसऱ्याशी जुळत नव्हतं. कुणी संथ, कुणी झपझप, एक आजोबा तर चक्क झिम्म्याच्या ठेक्यात. लांबून बघणाऱ्याला बाग शांत वाटली असती. पण प्रत्येकाच्या कानामागे चण्याएवढी एक कुपी चिकटवलेली होती आणि तिच्यातून ज्याला त्याला, त्या क्षणी त्याच्यासाठीच रचलं जाणारं संगीत ऐकू येत होतं. शेजारून चालणाऱ्याला त्याचा पत्ताही नसायचा.

या कुपीचं नाव पायताल. कंपवात जडलेल्या माणसाच्या मेंदूतलं चालण्याचं घड्याळ मंदावतं. पाय टाकायचा हे कळतं, पण नेमका कधी टाकायचा हे पायाला कुणी सांगत नाही. बाहेरून ठेका मिळाला की तो त्या बिघडलेल्या घड्याळाची जागा घेतो. हे डॉक्टरांना कधीपासूनचं ठाऊक होतं. पायतालनं त्यापुढची मजल मारली होती. मोज्यात शिवलेल्या पट्टीतून स्नायूंची हालचाल वाचायची आणि त्या पायांना त्या घडीला जे मानवेल तेच संगीत तिथल्या तिथे तयार करायचं.

भूपाल मगदूम त्या बागेत रोज दोन फेऱ्या मारायचे. पंचाहत्तरी ओलांडलेले, उभ्या आयुष्यात यंत्रमाग दुरुस्त करणारे जॉबर. रस्त्यावर त्यांची चाल बघून कुणी आजारी म्हटलं नसतं. घोडं अडायचं ते घरी परतल्यावर, दारात. आताही ते दारापाशी आले आणि पाय फरशीला खिळले. वरचं धड पुढे झुकलं, पाय जागचे हलेनात.

"आण्णा, थांबा, मी धरते," म्हणत त्यांची मुलगी त्रिशला धावली.

"उंबरा मागल्या वर्षीच कापून काढलाय," आतून त्यांची पत्नी विमलबाई म्हणाल्या, "पर ह्यांच्या पायातला काय जात न्हाई."

खरंच होतं ते. अडथळा लाकडाचा नव्हताच. अरुंद दार समोर आलं की कंपवाताचे पाय गोठतात, आणि पायतालचा ठेका मात्र वाजतच राहतो. एक पाऊल हुकलं की पुढच्या ठेक्यात शिरायचं कसं, हे गोठलेल्या पायाला उमगत नाही. गेल्या महिन्यात याच दारात आण्णा तोंडावर आपटले होते. त्रिशला पायतालची तालरचना करणाऱ्या पुण्याच्या चमूत होती. आपण बनवलेलं यंत्र साऱ्या महाराष्ट्राला चालवतंय आणि आपल्याच बापाला घरात शिरू देत नाही, हे तिला फार लागलं होतं. तिनं पुण्यात फ्लॅट घेऊन त्याची आतली सगळी दारं काढून टाकली होती. रविवारी दोघांना तिकडे न्यायचं ठरलं होतं. म्हणजे तिनं ठरवलं होतं.

विमलबाई भांडी बांधता बांधता थांबल्या. "जायच्या आदी एकदा त्यांच्या कानात 'गुलाबी वीज' लाव की गं."

'गुलाबी वीज' हा साठ वर्षांपूर्वीचा मराठी डिस्को सिनेमा. गोष्ट अशी की ती विसरली तरी काही बिघडत नाही, पण गाणी! खालून ढम्म ढम्म चालणारा ड्रम, त्यावर सिंथेसायझरची कुईकुई आणि मध्येच कोल्हापुरी हलगीचा कडकडाट. पेपरांनी तेव्हा 'आठ दिवसांचा धिंगाणा' म्हणून हेटाळणी केली होती. ते पेपर बंद पडले. धिंगाणा लग्नात, गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पुढं कितीतरी वर्षं चालू राहिला. नायकाच्या चमचमत्या कोटाचं कापड आपल्याच गावात विणलं होतं, अशी इचलकरंजीत अजून पक्की समजूत आहे. तिला पुरावा काही नाही आणि कुणी मागतही नाही.

"आई, जुनी गाणी आमची कधीच तपासून झालीत," त्रिशला म्हणाली. "एकच गाणं सगळ्या पायांना बसत नाही. यंत्र आण्णांच्या पायाचं माप घेऊन गाणं शिवतं. त्याहून चांगलं काय असणार?"

"मी काय म्हंतो, लावून तर बघ." इकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखं बोलतात; पुण्याला गेल्यावर त्रिशलानं ती सवय मोडली होती.

तिनं लावलं. आण्णा अंगणात चालायला लागले आणि तिच्या हातातल्या काचेच्या पाटीवर त्यांच्या पावलांची रेषा उमटू लागली. पायतालनं आजवर रचलेल्या कुठल्याही संगीतावर इतकी सरळ रेषा तिनं पाहिली नव्हती. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला आधी राग आला.

आण्णांनी मात्र कुपी काढून तिच्या हातात दिली. "कानात नगो. मोठ्यानं लाव. डिस्को काय कानात ऐकायचा असतोय व्हय?"

म्हणून संध्याकाळी बागेच्या कर्ण्यांवर 'गुलाबी वीज' लागलं. पहिला ढम्म ऐकताच मंडळींनी एकेक करून कुप्या काढल्या. सकाळची विस्कटलेली पावलं हळूहळू एका ठेक्यात आली. एक आजी पदर खोचून पुढे झाली, झिम्मावाले आजोबा तिच्या मागोमाग. त्रिशला कडेला उभी राहून बघत होती. या सगळ्यांच्या कुप्यांसाठी तिच्या चमूनं वर्षानुवर्षं डोकं शिणवलं होतं. इथं एक ड्रम आणि एक हलगी सगळ्यांना मिळून चालवत होती, तेही हसत.

तिसऱ्या कडव्याला हलगी कडाडली आणि भलतंच घडलं. सगळे एकदम थांबले. सगळ्यांचा एकेक पाय हवेत. गाणं मात्र थांबलं नव्हतं, ते पुढे गेलं. पाय खाली आले तेव्हा सगळ्यांचा ठेका हुकलेला. एकमेकांवर आदळत, हसत, शिव्या देत सारी मंडळी विस्कटली.

"गाणं चुकीचं हाय!" आण्णा ओरडले. "उडी कुठं गेली?"

त्रिशलानं पाटीकडे पाहिलं. मोज्यातल्या पट्ट्या चालूच होत्या. सगळ्यांच्या रेषा एकाच जागी तुटल्या होत्या, केसाचाही फरक नाही. पट्ट्यांत बिघाड म्हणावा, तर सगळ्यांच्या एकाच क्षणी कशा बिघडतील? आणि तिला दुसरी गोष्ट दिसली. ज्या पायांना एकदा हुकलं की परत सुरू करता येत नाही, ते सगळे पाय थांबून आपले आपण सुरू झाले होते. कुणी गोठलं नव्हतं.

"आई, उडी म्हणजे काय?"

विमलबाई बाकावर टेकल्या. "आमच्या टॉकीजला पिच्चर आला, आन पैल्याच आठवड्यात रीळ तुटलं. मशीनवाल्यानं खराब झालेला तुकडा कापला आन चिकटवलं. तवापास्नं तिसऱ्या कडव्यात गाणं उडायचं, जरा आवाजच जायचा. हिरो इकडं असायचा, तो एकदम तिकडं. सुरवातीला लोकांनी खुर्च्या वाजवल्या, मशीनवाल्याचा उद्धार केला. पर दुसरी प्रिंट कुठनं आणणार? पिच्चर सहा म्हैने हलला न्हाई. मग सवयच झाली. उडी आली की अख्ख्या थेटरचा एक पाय वर. गाणं परत लागलं की सगळ्यांचा पाय एकदम खाली. धाडकन! बाल्कनी हालायची. बँडवाले बी तसंच वाजवायला शिकले."

"पण कॅसेटवर तर गाणं अख्खं असणार."

"व्हय की! लोकांनी कॅशेटी दुकानात परत नेऊन दिल्या. खराब हायत म्हणून."

त्रिशला हसत सुटली. हसता हसता तिचं हसू थांबलं. तिनं पोरवयात पाहिलेली लग्नं तिला आठवली. तोवर वरातीत बँड बंद होऊन प्रत्येक पाहुण्याच्या कानात त्याच्या त्याच्या आवडीचं संगीत आलं होतं. मुक्या वराती. उडी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

घरी येऊन तिनं तिसरं कडवं कापायला घेतलं. दुरुस्ती करण्यात जिचा हातखंडा, ती आज अख्ख्या गाण्यात चूक घालत बसली होती. आण्णा शेजारी बसून ऐकत होते.

"लई कापलीस."

तिनं थोडं परत जोडलं.

"आता कमी झालं. अर्धा ढम्म गेला पायजे."

तिनं पुन्हा कापलं. गाणं हलगीवर आलं, उडालं आणि पुढच्या ढम्मवर आदळलं. आण्णांनी डोळे मिटले. "हां. आता थेटरात बसल्यागत वाटालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा फिरून परत आले तेव्हा त्रिशला दाराच्या आत उभी होती, दोन्ही हात पुढे करून. विमलबाईंनी तिला बाजूला ओढलं. "वाट अडवून कशाला ऱ्हायलीस?"

आण्णा पायऱ्यांपाशी आले. त्रिशलानं रात्री शिकवल्याप्रमाणे कुपीनं दार जवळ आल्याचं ओळखलं आणि तिसरं कडवं सुरू केलं. दारात त्यांची पावलं नेहमीसारखी आखडायला लागली. त्रिशला पुढे सरकली. तेवढ्यात त्यांचं मस्तक किंचित वर झालं, पाय थांबले आणि उजवा पाय उचलला गेला. हा थांबा आजाराचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. यातून बाहेर कसं पडायचं हे त्या पायाला अठराव्या वर्षापासून पाठ होतं. धाडकन पाय पडला तो घरात. मागून दुसरा.

आण्णा घराच्या आत उभे होते. ते वळून दाराकडे बघत राहिले आणि मग एखाद्या पोरासारखे परत बाहेर गेले, पुन्हा आत आले. विमलबाईंनी तोंडाला पदर लावला होता. त्रिशला रडत होती, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

बांधलेली भांडी दुपारी परत मांडणीवर लागली.

त्रिशलानं तो तुकडा पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या रुग्णांना दारात तो ऐकवला, तर ते थांबले आणि थांबूनच राहिले. दोघांना धरावं लागलं. इथल्या पायांना त्या जागी उडी आठवत होती, तिथल्या पायांना नुसता खड्डा लागला होता. "मग आमच्या लोकांसाठी काय वापरायचं?" डॉक्टरांनी विचारलं. "त्यांनी सगळ्यांनी मिळून चुकीचं ऐकलेलं असं काही आहे का?" त्रिशला मनात हिशेब करू लागली. पुण्यातले आजचे म्हातारे निदान एका टॉकीजात कधीतरी बसले असतील, शोधता येईल. त्यांच्यानंतरच्यांचं काय?

तीच गोष्ट विमलबाईंनी चहा देताना सहज विचारली.

"आन तू म्हातारी झालीस, तुझं पाय थांबलं, तर काय लावायचं गं?"

त्रिशलाचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. तिच्या कानातलं संगीत रोज नवं असायचं. आवडलेलं गाणं दुसऱ्या दिवशी तिच्या मनःस्थितीप्रमाणे बदलून यायचं. एकही ओळ दुसऱ्या कुणाबरोबर तिनं ऐकलेली नव्हती. ती उदास झाली हे कानातल्या यंत्रानं ओळखलं आणि तिच्यासाठी एक हळवी धून सुरू केली. फार सुंदर धून होती. जगात आणखी कुणी ती ऐकली नव्हती आणि ऐकणारही नव्हतं.

तिनं ते यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"आई, तिसरं कडवं लाव. मोठ्यानं. पाय कधी उचलायचा ते दाखव मला."

अंगणात तिघं ओळीनं उभी राहिली. हलगी कडाडली. त्रिशलाचा पाय उठला.

"लवकर उचललीस," आण्णा म्हणाले.

"परत लावा. परत करतो मी," त्रिशला म्हणाली. आपण 'करतो' म्हणालो हे तिच्या ध्यानातही आलं नाही. दुसऱ्यांदा तिला उशीर झाला. तिसऱ्यांदा नुसत्या अंदाजानं उचललेला पाय कसाबसा जुळला, आणि आईनं तिचा हात धरला.

आण्णांच्या पायात उडी मुरायला सहा महिने लागले होते, आणि भरलेलं थेटर. इथं तर अंगणात तीन माणसं होती. तेवढ्यानं भागेल का?