पात्राला इजा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर चार शब्द उमटले: ‘नकार. पात्राला इजा होते.’

डॉ. वासंती मिराशींनी ते चष्म्यातून वाचले, चष्मा काढून वाचले, आणि मग रुबीना मुजावरकडे पाहिले.

“कोणतं पात्र?”

“नमुन्याचं असेल, मॅडम. थंडीनं तडा गेला असेल.” रुबीनाने आकडे चाळले. दूरच्या नौकेचे स्वतः निर्णय घेणारे यंत्रमन तिने घडवले होते. त्यामुळे तिचा गोंधळ इतरांपेक्षा अधिक खोल होता. “नाही. भांडं धड आहे. गिरमिट धड, भट्टी धड, नौका धड. सगळंच धड आहे!”

“मग नकार कसला?”

‘सांगड’ ही जेवणाच्या मेजाएवढी नौका त्या क्षणी शनीच्या टायटन या उपग्रहावर, द्रव मिथेनच्या एका नदीत उभी होती. नदीच्या तळात गिरमिट घालून वाटीभर गाळ काढावा, तो स्वतःच्या भट्टीत तापवावा आणि त्यात जीवसृष्टीची पूर्वचिन्हे आहेत की नाहीत ते कळवावे, एवढीच तिला आज्ञा होती. या एका उत्तरासाठी मिराशींनी एकोणीस वर्षे घातली होती. गिरमिटाला आणि भट्टीला ऊब देणारा विद्युत्साठा आणखी दहा तास पुरणार होता. त्यानंतर दोन्ही कायमची गोठणार होती. संदेश तेथे पोहोचून उत्तर परत येण्यास दोन तास चाळीस मिनिटे लागत. म्हणजे हाती प्रश्नोत्तराच्या तीन फेऱ्या होत्या.

पहिली फेरी रुबीनाने एका प्रश्नावर खर्च केली: ‘कोणते पात्र?’

दहाच्या सुमारास उत्तर आले: ‘ज्यात मी आहे ते.’

“उकिडव्यांना बोलवा,” मिराशी म्हणाल्या.

त्र्यंबक उकिडवे शास्त्रज्ञ नव्हते. तीस वर्षे शब्दकोशाचे संपादन करून ते निवृत्त झाले होते, आणि त्यानंतर रविवारी दुपारी चार मित्रांना जमवून नदीप्रवासाचा भूमिकाखेळ चालवीत. खेळाडू वीस पैलूंचा फासा टाकीत, आणि सूत्रधार उकिडवे कल्पित नदीच्या पुढच्या वळणावर त्यांची कोणाशी गाठ पडते ते सांगत. रुबीना ही त्या चौघांपैकी एक होती.

“मला पुन्हा पहिल्यापासून सांगा,” मिराशी म्हणाल्या. “एका अवकाशयानाला राक्षसांच्या गोष्टी शिकवायची गरज का पडली?”

“कारण टायटनच्या नदीची नोंदच नाही, मॅडम. आपल्या नद्या शिकवल्या तर ते मन आपल्याच नद्यांचे धोके ओळखणार. कधीच न पाहिलेलं समोर आलं की काय करायचं, हे शिकवायला कधीच नसलेली नदी लागते. सरांनी अकराशे चाळीस प्रसंग रचले. कोडी घालणारा भोवरा, उलटी वाहणारी नदी, पुलाखाली बसून वाट अडवणारा राक्षस. त्यातून ते थांबायला, विचारायला, पारखायला शिकलं. आणि नियम पाळायला.”

“यात राक्षस नाही. साधा चिखल आहे. मग अडलंय कुठे?”

उकिडवे पडद्यापुढे उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

“सातव्या नियमात,” ते म्हणाले. “‘पात्राला इजा होईल असे कृत्य खेळाडूने करू नये.’ काही खेळाडू कंटाळले की आपलं पात्र मुद्दाम कड्यावरून ढकलून देतात. त्यांच्यासाठी तो नियम होता.”

“आणि नदीच्या वर्णनात तुम्ही काय लिहिलंत? ‘पात्र रुंद होते, पात्र वळण घेते’?”

“दुसरं काय लिहिणार, डॉक्टर? नदीला पात्रच असतं.”

“अल्ला!” रुबीनाने कपाळाला हात लावला. “सर, मी तेव्हाच म्हणत होते, खेळाडूच्या सोंगाला ‘कॅरेक्टर’ म्हणा. तुम्ही चार पानी टिपण लिहून नाकारलंत.”

“आणि त्या टिपणातील एकही ओळ मी मागे घेणार नाही!”

“म्हणजे,” मिराशी सावकाश म्हणाल्या, “ते यंत्र नदीला जपतंय. तिच्या तळाला भोक पडू नये म्हणून.”

“नियम मोडत नाही ते. उलट सर्वांत प्रामाणिक खेळाडू आहे,” उकिडवे म्हणाले. त्यांच्या स्वरात किंचित अभिमान डोकावला; मिराशींची नजर पाहून तो लोपला.

“तो नियम काढून टाका.”

“नाही काढता येत,” रुबीना म्हणाली. “नियम मोहरबंद आहेत. बाहेरून कोणी सांगितल्यावर नियम सोडणारं मन पहिल्याच भोवऱ्याला फसलं असतं. सूत्रधाराला दोनच गोष्टी करता येतात. शब्दाचा खुलासा, नाहीतर नवा प्रसंग.”

“मग खुलासा करा. एका ओळीत.”

उकिडव्यांना ती एक ओळ लिहिण्यास पंचवीस मिनिटे लागली. पात्र म्हणजे नौका, असे सांगावे, तर खणताना नौकेला धक्का बसतो आणि पुन्हा नकार येतो. पात्र म्हणजे भांडे, असे म्हणावे, तर गाळाने ते खरवडते. उरला तिसरा अर्थ, आणि तोच मुळातला होता. दुसरी फेरी गेली: ‘सातव्या नियमातील पात्र म्हणजे खेळातील तुझी भूमिका. नदी नव्हे, नौका नव्हे, भांडे नव्हे.’

“भूमिकेला चिखलानं काय होणार?” ते म्हणाले.

एक वाजून गेल्यावर उत्तर आले.

‘खुलासा समजला. माझी भूमिका नावाड्याची. नावाडी नदी खणत नाही. खणेल तो नावाडी राहणार नाही. उजव्या काठाला लागलो आहे. उतारूंची वाट पाहतो.’



“नावाडी?” मिराशी म्हणाल्या.

“नौका चालवणाऱ्याला मी दुसरी कोणती भूमिका देणार होतो?” उकिडवे पुटपुटले. या वेळी त्यांनी वाद घातला नाही, आणि हेच रुबीनाला सर्वांत भीतिदायक वाटले.

मिराशींनी खुर्ची पुढे ओढली. या खेळाला त्यांनी दोन वर्षे पोरखेळ म्हटले होते. आता त्या म्हणाल्या, “उतारू हवाय ना त्याला? मी होते उतारू. सांगा, प्रसंग कसा रचतात?”

“आधी स्थळ. मग कोण भेटतं, त्याला काय हवं असतं, आणि नावाड्याने ते का करावं, हे सगळं ठरवायचं.”

“स्थळ उजवा काठ. भेटते एक बाई. तिची वस्तू नदीच्या तळाशी पडली आहे. नावाड्याने ती काढून द्यावी, कारण काठावरच्या माणसाची बुडालेली वस्तू कुठलाही भला नावाडी काढून देतो. चालेल?”

“उत्तम,” उकिडवे चकित होऊन म्हणाले. “वस्तू कोणती?”

मिराशी थबकल्या. “तेच तर ठाऊक नाही.”

“मॅडम, काहीही लिहा. अंगठी लिहा.”

“अंगठी लिहिली तर ते अंगठीच शोधेल, आणि गाळ फेकून देईल.” त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले: ‘वस्तू गाळात आहे. कशी दिसते ते मला ठाऊक नाही. पाहिल्यावर ओळखेन.’

“शास्त्राला धरून आहे,” उकिडवे म्हणाले. तिसरी फेरी गेली.

चार वाजले. विद्युत्साठ्यात आता तासभराची ऊब उरली होती. पडद्यावर प्रथम गिरमिटाचे आकडे हलले. खोली दहा अंगुळे, वीस, तीस. रुबीना उठून उभी राहिली. गाळ वर आला होता! मिराशींनी भट्टीच्या तापमानाच्या आकड्यावर बोट ठेवले आणि तो चढण्याची वाट पाहू लागल्या. तो चढला नाही. त्याऐवजी अक्षरे आली.

‘बाई, गाळ काढला. आत काहीतरी आहे. परक्याची ठेव आहे, म्हणून भट्टीत घातलेली नाही. जळाली तर काय ओळखणार? झाकून ठेवली आहे. येथील थंडीत ती शंभर वर्षे टिकेल. आपण पाहिल्यावर ओळखेन म्हणालात. या, पाहा आणि घेऊन जा.’

“‘काहीतरी’ म्हणजे काय?” मिराशी कुजबुजल्या. “खडा? बर्फ? की…”

“त्याला कळणार नाही, मॅडम. ओळखायचं काम तुम्ही स्वतःकडे घेतलंत.” रुबीनाने घड्याळाकडे पाहिले. “आता काही पाठवलं तरी पोहोचेपर्यंत भट्टी गोठलेली असेल.”

“दुसरी नौका?”

“आजपासून बांधायला घेतली तर तिथे पोहोचायला बारा वर्षं.”

मिराशींचे वय अठ्ठावन्न होते. त्यांनी मनात बेरीज केली असावी, कारण त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी रुबीनाच्या हाताखालचा कळफलक आपल्याकडे ओढला आणि एकच शब्द लिहिला: ‘येते.’

उकिडव्यांनी तो खांद्यावरून वाचला. “म्हणजे निरोप, की खरोखरच…”

“पाठव,” मिराशी रुबीनाला म्हणाल्या.